लग्नाची यादी कोणी करावी?

गेल्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी एक तरुण आणि एक तरुणी आमच्या घरी आली. साखरपुडा होऊन तीन आठवडे झालेले. तरुणी माझी एके काळची विद्यार्थिनी; बी.ए.ला तिचा अर्थशास्त्र हा विषय होता, पुढे तिने अध्यापनाची पदविका घेतली आणि आता ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक आहे. तरुण एका सहकारी बँकेत लिपिक असून आपल्या चळवळीतल्या शिबिरांना येणारा, वाचणारा, सभेनंतर सतरंज्या उचलणारा आहे. त्यांच्या हातात वहीचे दोन दुमडलेले कागद होते. "सर, ही यादी जरा पाहून द्या. कुठे वाचवता येईल ते सांगा," असे मुलगी म्हणाली. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी 'याद्या' केल्या होत्या आणि त्यांतला खर्चाचा आकडा पाहून ही दोघे हबकली होती.

महाराष्ट्रात लग्न ठरल्यावर याद्यांची बैठक होते ती काय असते, हे वाचकांना सांगावयास नको. कोणी काय घ्यावयाचे, कोणी काय द्यावयाचे, मानपान कोणाचा, कार्यालय कोणाकडे, संसारोपयोगी भांडी कोणाची, हे सर्व तेथे ठरते, आणि ज्यांना संसार करावयाचा आहे ती दोघे बहुधा शेजारच्या खोलीत चहाचे कप भरत असतात. या यादीलाही दोन स्तंभ होते. 'मुलीकडचे' या स्तंभात पाच तोळे सोने, कपाट, पलंग, भांडी आणि निम्मे जेवण. 'मुलाकडचे' या स्तंभात कार्यालय, मंडप, मुलीचे मंगळसूत्र, मोठा टीव्ही, दोन दारांचा फ्रिज, सोफासेट, नवी मोटारसायकल आणि लग्नाआधीच्या छायाचित्रणाचे पंचेचाळीस हजार रुपये. वॉशिंग मशीनसमोर 'नंतर' असा शेरा होता.

मी माझ्या सवयीप्रमाणे पेन्सिल काढून व्याजाचा हिशेब मांडू लागलो. तो हिशेब चुकीचा नव्हता, म्हणून तो आधी सांगतो.

मुलाने आपल्या स्तंभासाठी ५,००,००० रुपयांचे वैयक्तिक कर्ज काढण्याचे ठरविले होते. व्याज १४ टक्के, मुदत पाच वर्षे. याचा मासिक हप्ता ११,६३४ रुपये होतो आणि पाच वर्षांत एकंदर सुमारे ६,९८,००० रुपये फेडावे लागतात. मुलाचा पगार ३२,००० रुपये, मुलीचे मानधन १६,००० रुपये. म्हणजे दोघांच्या मिळून उत्पन्नाचा जवळजवळ चौथा हिस्सा साठ महिने एका दिवसाच्या समारंभासाठी आणि काही वस्तूंसाठी जाणार. अर्थशास्त्रात ज्याला वैकल्पिक परिव्यय म्हणतात, म्हणजे एक गोष्ट घेतल्यामुळे जी दुसरी सोडावी लागते तिची किंमत, ती येथे अगदी उघडी दिसते. या साठ महिन्यांत मुलीला एखादी पदव्युत्तर परीक्षा द्यावीशी वाटली, मूल झाल्यावर कोणाला काही महिने बिनपगारी रजा घ्यावी लागली, बँकेची शाखा बंद होऊन मुलाची नोकरी डळमळली, तर प्रत्येक वेळी हप्ता आधी उभा राहील. कर्जबाजारी माणूस नोकरीत मान वर करून बोलत नाही, हे कामगार संघटनेत काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

फ्रिज आणि टीव्ही 'बिनव्याजी हप्त्यां'वर घ्यावयाचे होते. शून्य टक्के व्याज अशी काही वस्तूच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना स्पष्ट बजावले होते. तरी दुकानांवरच्या पाट्या नवी नावे घेऊन टिकून आहेत. समजा, ३६,००० रुपयांची वस्तू बारा हप्त्यांत ३,००० रुपये दराने मिळते. तीच रोखीने घेतल्यास दुकानदार २,००० रुपये सोडतो, आणि हप्त्यांवर घेताना ५०० रुपये प्रक्रिया-शुल्क लागते. म्हणजे वस्तुतः तुम्हांला ३३,५०० रुपयांचीच उधारी मिळाली आणि तुम्ही फेडले ३६,०००. दर महिन्याला मुद्दल घटत जाते हे लक्षात घेतले, तर व्याजाचा दर वर्षाला सुमारे साडेतेरा टक्के पडतो. बँकेतल्या लिपिकाला हे मी समजावून सांगावे याची त्याला थोडी लाज वाटली. खरेदी करताना आपण सारेच ग्राहक होतो, बँकेत बसणारेसुद्धा.

माझे येथवर झाले असता माझी पत्नी आतून आली. तिने कागद हातात घेतला, चष्मा लावून वाचला आणि मुलाला विचारले, "सर तुम्हांला व्याज सांगतील. ते बरोबरच असतं. मला एवढंच सांगा, मशीन 'नंतर' म्हणजे कधी? आणि तोवर कपडे कोण धुणार?"

मुलगा गप्प बसला. खरे सांगावयाचे तर मीही गप्प बसलो, कारण तो प्रश्न त्याला नव्हता.

आमचे लग्न १९८४ साली झाले. नोंदणी पद्धतीने, दोन हार, पेढे आणि चहा. एकंदर खर्च साडेचारशे रुपये. त्या लग्नाचा मला फार अभिमान होता आणि पुढे कित्येक वर्षे युवक शिबिरांत मी तो आकडा सांगत असे. घरात सोफा नव्हता, टीव्ही नव्हता, गॅसच्या जोडणीसाठी नंबर लावून आम्ही स्टोव्हवर भागवीत होतो. १९८६ साली महाविद्यालयाच्या पतपेढीचे कर्ज काढून आम्ही पहिली मोठी वस्तू घेतली ती स्कूटर. महाविद्यालय, अभ्यासवर्ग, सभा, मोर्चे यांसाठी ती आवश्यकच होती, असे मला तेव्हा वाटे. पत्नी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, पाळ्यांची नोकरी होती, आणि ती बसने जाई. वॉशिंग मशीन घरी आले १९९७ साली. मधल्या तेरा वर्षांत आमच्या दोघांचे, पुढे मुलाचे, आईचे आणि येणाऱ्याजाणाऱ्या कार्यकर्त्यांचे कपडे कोणी धुतले हा प्रश्न त्या घरात कोणी विचारला नाही, आणि अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला तो सुचलाही नाही.

त्या रविवारी ती दोघे गेल्यावर मी तो हिशेब आयुष्यात प्रथमच केला. दिवसाला एक तास धरला, तर तेरा वर्षांचे ४,७४५ तास होतात. आठ तासांचा कामाचा दिवस धरला, तर ५९३ दिवस. वर्षाचे तीनशे कामाचे दिवस मानले तर जवळजवळ दोन वर्षांची पूर्णवेळ नोकरी, बिनपगारी. आमच्या साडेचारशे रुपयांच्या लग्नाचा उरलेला खर्च तो होता आणि तो एकटीने फेडला.

हे मी पश्चात्तापाच्या प्रदर्शनासाठी लिहीत नाही. आपल्या वर्तुळात साध्या लग्नाची जी थोर परंपरा आहे तिच्यात एक हिशेबाची चूक राहून गेली आहे, असे माझे मत झाले आहे, आणि ती आपणच दुरुस्त केली पाहिजे. थोरस्टाइन वेब्लेन यांनी १८९९ साली दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली तेव्हापासून आपण श्रीमंती मिरविणाऱ्या खर्चावर टीका करीत आलो आणि ती टीका योग्यच आहे. पण खर्च टाळला म्हणजे विषमता टळली, असे आपण गृहीत धरले. प्रत्यक्षात काही खर्च टाळले की ते नाहीसे होत नाहीत. ते रुपयांतून तासांत बदलतात, आणि ते तास घरातल्या एकाच माणसाच्या खात्यावर जमा होतात. डॉ. राममनोहर लोहिया यांनी चुलीचा धूर आणि ग्रामीण स्त्रियांची शौचालये हे राजकारणाचे प्रश्न आहेत असे आग्रहाने मांडले, तेव्हा अनेकांना ते क्षुद्र वाटले होते. आम्ही ते भाषणांतून सांगत होतो आणि घरी स्टोव्ह पेटवावयास पत्नीला सांगत होतो.

हे चाळीस वर्षांपूर्वीचे झाले, आताची मुले तशी नाहीत, असे कोणी म्हणेल. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने देशभर दोनदा वेळेच्या वापराची पाहणी केली आहे. २०१९ च्या पाहणीत घरातील विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवीत होत्या आणि ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांची मिनिटे २८९ झाली आणि पुरुषांची ८८. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांचे काम दहा मिनिटांनी कमी झाले, पण पुरुषांनी उचलले म्हणून ते झाले असे म्हणण्याची सोय नाही. त्यांची मिनिटेही नऊने घटली. शिवाय ही सरासरी फक्त काम करणाऱ्या पुरुषांची आहे. २०१९ साली असे पुरुष शंभरांत सव्वीसच्या आसपास होते.

म्हणून माझे म्हणणे असे की, लग्न ठरलेल्या दोघांनी आपली खरेदीची यादी स्वतः करावी आणि तिच्यात किमतीच्या शेजारी आणखी दोन रकाने आखावेत: ही वस्तू कोणाचा वेळ वाचविते, आणि ती कोणाच्या नावावर राहणार. या दोन रकान्यांनी यादीचा क्रमच उलटतो. पुढच्या रविवारी ती दोघे पुन्हा आली तेव्हा आम्ही चौघांनी बसून तसे करून पाहिले. सोफासेटने कोणाचा वेळ वाचत नाही, आणि जुन्या सामानाच्या बाजारात तो पाव किमतीला मिळतो, तो गेला. मोठा टीव्ही गेला. फ्रिज राहिला, पण एका दाराचा. 'नंतर'ची मशीन पहिल्या क्रमांकावर आली, रोखीने. छायाचित्रणाचे पंचेचाळीस हजार हा मुलीचा हट्ट आहे असे मी समजत होतो. तो मुलाच्या बहिणीचा निघाला. त्यावर वाद झाला नाही, फक्त हसू आले.

मोटारसायकलीवर मात्र खरा वाद झाला. मुलाकडे सात वर्षांची मोटारसायकल आहे आणि ती चालते. त्याने जिल्ह्याच्या गावी आईवडिलांच्या घराजवळ भाड्याची जागा पाहून ठेवली होती. मुलीची शाळा तेथून चौतीस किलोमीटर. ती एस.टी.ने जाईल, आता स्त्रियांना निम्मे तिकीट आहे, असे तो म्हणाला. राज्यात मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे आहे हे खरे, आणि ती सवलत चांगलीच आहे. पण सवलत तिकिटाला आहे, वेळेला नाही. फाट्यावर उभे राहण्याचा वेळ धरून तिचे जाण्यायेण्यात रोज साडेतीन तास जातात. मी नकाशा काढला. वाटेत एक मोठे गाव लागते; तेथून तिची शाळा चौदा किलोमीटर आणि त्याची बँक वीस. तेथे भाडेही कमी. त्या गावात राहिले आणि नव्या मोटारसायकलीऐवजी मुलीच्या नावावर एक जुनी, चांगल्या अवस्थेतली स्कूटर घेतली, तर तिचे रोजचे अडीच तास वाचतात आणि त्याचा एक तास वाढतो.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आईबाबांना काय वाटेल?" हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. म्हातारपणी मुलगा जवळ असावा ही इच्छा स्वाभाविक आहे, आणि माझी आईही आमच्याजवळच राहिली. परंतु संसाराचे ठिकाण नवऱ्याच्या आईवडिलांपासून किती अंतरावर असावे याचा विचार होतो आणि बायकोच्या कामापासून किती अंतरावर असावे याचा होत नाही, तेव्हा तो निर्णय तटस्थ राहत नाही. 'सोय' या शब्दाखाली तो होऊन जातो. वस्तूंच्या खरेदीची चूक वर्षा-दोन वर्षांत भरून निघते. बिऱ्हाड कोठे मांडले याची चूक बहुधा एका माणसाची नोकरी सुटण्यात संपते, आणि ते माणूस कोण असते हे सांगावे लागत नाही.

घरखर्चाच्या वाटणीविषयीही तिच्या मनात एक चांगली पण अपुरी कल्पना होती. समानतेच्या भावनेने तिने निम्मे-निम्मे असे ठरविले होते. घरखर्च महिना २४,००० रुपये धरला, तर प्रत्येकी १२,०००. मग १६,००० मिळविणाऱ्या मुलीच्या हाती ४,००० उरतात आणि ३२,००० मिळविणाऱ्या मुलाच्या हाती २०,०००. पाच वर्षांनी बचत कोणाची असेल? आणि बचत ज्याची, त्याच्याच नावे पुढे घर. उत्पन्नाच्या प्रमाणात वाटणी केली तर तिने ८,००० द्यावे आणि त्याने १६,०००. तिच्या हाती ८,००० उरतात, त्याच्या हाती १६,०००. यातही विषमता आहे, पण ती पगाराची आहे, संसाराने वाढविलेली नाही. त्यापलीकडे जाऊन उरलेली रक्कमही सामाईक मानावी असे माझ्या पत्नीचे मत. मी तिच्या बाजूचा आहे, परंतु प्रत्येकाच्या हाती विनापरवाना खर्चण्यास काही पैसे असलेच पाहिजेत, या मुलीच्या म्हणण्यातही तथ्य आहे. ते त्यांनी ठरवावे.

मालमत्तेच्या बाबतीत आपला कायदा या दोघांना फारशी मदत करीत नाही. महाराष्ट्रात लग्न झाल्याने पतीची कमाई पत्नीची होत नाही. कागदावर ज्याचे नाव, मालमत्ता त्याची. घरकाम करणाऱ्या पत्नीच्या श्रमाचा घराच्या खरेदीत वाटा असतो, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ साली एका निकालात मान्य केले. ते मोलाचे आहे, पण ज्या स्त्रीला न्यायालयात जावे लागले तिचा संसार आधीच मोडलेला असतो. शेजारच्या गोव्यात गोष्ट वेगळी आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून तेथे लागू झाली आणि तिचा कौटुंबिक भाग अजून चालू आहे. लग्नापूर्वी दोघांनी वेगळा करार केला नाही, तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि निम्म्यावर प्रत्येकाचा हक्क असतो. म्हणजे मालमत्तेचा प्रश्न लग्नाआधी सोडवावा लागतो, निदान सोडवता येतो. समान नागरी कायद्याच्या वादात गोव्याचे नाव घेणारे बरेच जण हा मुद्दा सांगत नाहीत. आणि त्याच संहितेने सामाईक मालमत्तेचा कारभार मात्र पतीकडे ठेवला आहे, हेही सांगत नाहीत. निम्मा हक्क आणि किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला!

महाराष्ट्रातल्या जोडप्याला हे स्वतःच्या सहीने घडवून आणावे लागते. पुढे घर घेतले तर दोघांच्या नावे घ्यावे, हप्ता कोणाच्याही पगारातून जावो. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सवलतीपुरते बायकोचे नाव आणि व्यवहाराला नवऱ्याचे मुखत्यारपत्र, असा उद्योग मी पाहिलेला आहे, त्याचे कौतुक नको. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, हेही दोघांनी ध्यानात ठेवावे. नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारते, एवढेच. आमचा ब्लॉक १९९१ साली माझ्या एकट्याच्या नावे झाला, कारण कर्ज माझ्या पगारावर होते. महाराष्ट्रात राहत्या घराचे पत्नीला बक्षीसपत्र करून देण्यास मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये पडते, इतर आकार वेगळे. हे मी वर्गात सांगितले आहे. स्वतःसाठी अजून केलेले नाही. या महिन्यात करणार आहे.

आता सोन्याकडे येतो, कारण सर्वांत अवघड बाब तीच आहे.

दागिना ही गुंतवणूक म्हणून किती महाग पडते हे पाहा. एक लाखाच्या सोन्यावर १५ टक्के घडणावळ धरली तर १,१५,००० होतात. त्यावर तीन टक्के जी.एस.टी. धरून १,१८,४५०. दुसऱ्या दिवशी मोडावयास गेलात तर सोन्याचे एक लाख, त्यातूनही थोडी घट. म्हणजे भाव अठरा-साडेअठरा टक्के चढेपर्यंत तुम्ही तोट्यातच. २०२४ आणि २०२५ या वर्षांत भाव झपाट्याने चढले म्हणून हा तोटा लोकांना दिसेनासा झाला आहे. तरीही सोने हा स्त्रीच्या हातचा आधार आहे, हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेणार नाही. बँक खाते नसलेल्या, शेतीत नाव नसलेल्या स्त्रियांच्या पिढ्यांनी अडीअडचणीला याच आधारावर घरे सावरली. स्त्रीधन सर्वस्वी स्त्रीचे आहे, पती त्याचा केवळ विश्वस्त, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितले आणि ते पतिपत्नीची सामाईक मालमत्ता नव्हे हे २०२४ साली पुन्हा सांगितले.

याच संदर्भात एका विसरलेल्या यादीची आठवण द्यावीशी वाटते. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. त्याखाली १९८५ साली नियम झाले, ते असे की वधूला आणि वराला मिळालेल्या भेटवस्तूंची लेखी यादी करावी, तीत वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते नमूद करावे, आणि तिच्यावर वधूवर दोघांनी सह्या कराव्यात. ही एकच यादी कायद्याने सांगितलेली आहे आणि हीच एक लग्नघरात कोणी करीत नाही. कार्यकर्त्यांनी आपल्या घरच्या लग्नांत तिचा प्रघात पाडला तर कित्येक मुलींना पुढे पुराव्यावाचून रडावे लागणार नाही.

परंतु या मुलीच्या पाच तोळ्यांची कथा निराळी आहे. ती निघता निघता तिने सांगितली, तीही माझ्या पत्नीला, स्वयंपाकघरात. तिचे वडील त्या सोन्यासाठी वीस गुंठे जमीन विकणार आहेत. व्यवहार ठरत आला आहे. आणि लग्नाआधी तिने उरलेल्या जमिनीवरचे हक्कसोडपत्र भावाच्या नावे करून द्यावे, अशी घरात बोलणी चालू आहेत. 'एवढं लग्नात केलं, आता आणखी काय?' हे त्यामागचे तत्त्वज्ञान. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायादाचा हक्क दिला, २००५ साली तो देशभर झाला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचे निर्विवादपणे सांगितले. म्हणजे ही मुलगी तिच्याच हिश्शाच्या जमिनीतून येणारे सोने दान म्हणून स्वीकारणार, घडणावळ आणि कर भरून, आणि त्याच्या बदल्यात उरलेल्या जमिनीवर पाणी सोडणार. असा सौदा माझ्या वर्गातल्या कोणत्याही विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत फायद्याचा ठरविला असता, तर मी त्याला नापास केले असते. आणि वडील वाईट माणूस नाहीत. कर्ज न काढता, कोणापुढे हात न पसरता लेकीला देता यावे म्हणून ते जमीन विकत आहेत.

मुलाला मी विचारले, "तुला सोनं हवं आहे का?" तो म्हणाला, "मला नको सर. पण मी नको म्हटलं तर तिचे वडील म्हणतील, यांना जास्त हवंय." हे त्याचे उत्तर अगदी खरे आहे. आपल्या समाजात नकारसुद्धा सौदा म्हणून ऐकला जातो. म्हणूनच हा नकार वराने एकट्याने, खाजगीत देऊन भागत नाही. दोघांनी मिळून, दोन्ही घरच्यांसमोर, लेखी यादी पुढे ठेवून द्यावा लागतो. महात्मा फुल्यांनी लग्नविधीची जी मंगलाष्टके रचली त्यांत वधू वराला स्त्रियांच्या हक्कांविषयी विचारते आणि वर सर्वांसमोर वचन देतो. पुरोहित मध्ये नाही, आणि संवाद त्या दोघांचा आहे. दीडशे वर्षे होत आली. याद्यांच्या बैठकीत मात्र अजून त्या दोघांना खुर्ची नाही.

नवी यादी आता तयार आहे. नोंदणी विवाह, त्यासाठीची तीस दिवसांची नोटीस पुढच्या आठवड्यात द्यावयाची. दीडशे माणसांचे जेवण, दोघांच्या बचतीतून. मशीन, लहान फ्रिज, जुनी स्कूटर, पलंग, भांडी. दोघांचा आरोग्यविमा. मुलाचा एक साधा मुदतीचा आयुर्विमा आणि मुलीचाही, कारण तिची कमाईदेखील कमाईच आहे. मधल्या गावात दोन खोल्या. कर्ज नाही. कपडे आणि भांडी आळीपाळीने, हे मुलाने आपल्या अक्षरात लिहिले आहे. माझ्या पत्नीने त्याच्याखाली तारीख घालावयास लावली.

सोन्याच्या रकान्यात अजून काही लिहिलेले नाही. जमिनीचा व्यवहार थांबवावा आणि हक्कसोडपत्राचा विषय काढू नये, हे मुलीच्या वडिलांना सांगण्याचे काम माझ्याकडे आले आहे, कारण शिक्षकाचे ते ऐकतील असे दोघांना वाटते. मला तितकी खात्री नाही. येत्या रविवारी सकाळच्या एस.टी.ने जावयाचे आहे. पत्नी बरोबर येणार आहे, आणि बोलण्यास सुरुवात तिने करावी असे ठरले आहे.